फिजिओथेरपिस्टांचा पगार कोण ठरवतो?

फिजिओथेरपिस्ट फार झाले म्हणून त्यांना पगार कमी मिळतो, हे मत महाराष्ट्रात आता गृहीतच धरले जाते. ते पालक मांडतात, रुग्णालयांचे व्यवस्थापक मांडतात आणि नोकरीच्या शोधातले पदवीधरही स्वतःची समजूत घालताना तेच म्हणतात. महाविद्यालये वाढली, दरवर्षी नवी तुकडी बाहेर पडते, माणसे जास्त झाली की मोल उतरते, असा हा युक्तिवाद आहे. त्यात अर्धे सत्य आहे. महाविद्यालये खरोखरच वाढली, आणि साडेचार वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला पहिल्या नोकरीत जे हातात पडते ते त्या शिक्षणाच्या खर्चाशीसुद्धा जुळत नाही. पण फिजिओथेरपिस्ट कशाच्या तुलनेत फार झाले, हे या युक्तिवादात कोणी सांगत नाही.

रुग्णांच्या तुलनेत ते मुळीच जास्त नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे १० कोटींहून अधिक लोक होते आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातले हे प्रमाण २० टक्क्यांपलीकडे जाईल. त्याच जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांतले सुमारे ५४ लाख चालण्या-फिरण्याच्या अपंगत्वाचे होते आणि दिव्यांगांमधला हाच सर्वांत मोठा गट होता. पक्षाघातातून उठलेला शेतकरी, खुब्याचे हाड मोडलेली आजी, सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली शिक्षिका यांना एकदा-दोनदा नव्हे, महिनोन्‌महिने उपचार लागतात. ही गरज भागत नाही, हे तालुक्याच्या कोणत्याही गावात दिसते. फिजिओथेरपिस्ट जास्त आहेत ते मंजूर पदांच्या तुलनेत आणि पैसे भरू शकणाऱ्या घरांच्या तुलनेत. गरज असणे आणि त्या गरजेमागे पैसा उभा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पगार दुसरीवर ठरतो.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेत मिळतो. तिथे ज्येष्ठांच्या उपचारांचा मोठा वाटा मेडिकेअर ही सरकारी विमा योजना उचलते. १९९७ पर्यंत शुश्रूषागृहांना फिजिओथेरपीचे पैसे वेगळे मिळत, त्यामुळे जितके उपचार तितके उत्पन्न असा हिशेब होता आणि थेरपिस्टांना मोठी मागणी होती. त्या वर्षी संतुलित अर्थसंकल्पाचा कायदा झाला. त्यानुसार १९९८ पासून शुश्रूषागृहांना प्रत्येक रुग्णामागे दिवसाची ठरीव रक्कम मिळू लागली, आणि १ जानेवारी १९९९ पासून बाह्यरुग्णाच्या फिजिओथेरपीवर, तीही वाचा-उपचारांसह, वर्षाला १,५०० डॉलरची मर्यादा आली. कालपर्यंत उत्पन्न देणारा थेरपिस्ट संस्थांच्या वहीत एकाएकी खर्चाच्या बाजूला गेला. नोकऱ्या कापल्या गेल्या, तास कमी केले गेले, नव्या पदवीधरांना जागा मिळेनाशी झाली. या काळात अमेरिकेतले म्हातारे कमी झाले नव्हते, त्यांचे गुडघे सुधारले नव्हते आणि थेरपिस्टांची संख्याही रातोरात दुप्पट झाली नव्हती. बदलला होता तो पैसे देण्याचा नियम. वर्षभरातच ती मर्यादा स्थगित करावी लागली. पुढे तिच्यात अनेकदा फेरफार झाले आणि २०१८ मध्ये ती रद्द झाली. २०२४ मध्ये अमेरिकी फिजिओथेरपिस्टाचे मध्यक वार्षिक वेतन १,०१,०२० डॉलर होते आणि पुढच्या दशकात या व्यवसायातल्या नोकऱ्या सरासरी व्यवसायापेक्षा बऱ्याच वेगाने वाढतील, असा तिथल्या कामगार खात्याचा अंदाज आहे.

महाराष्ट्रात मात्र घसरण व्हायला आधी उंची गाठलेलीच नव्हती. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी रुग्ण दाखल झाल्याशिवाय लागू होत नाहीत आणि सरकारी योजनाही शस्त्रक्रिया व दाखल उपचार यांच्याभोवती बांधलेल्या आहेत. फिजिओथेरपी तर मुख्यतः घरी गेल्यावर सुरू होते. त्या वेळी तिचे पैसे रुग्णाच्या खिशातूनच जातात. म्हणून दहा बैठकांची गरज असलेला रुग्ण चौथ्या बैठकीनंतर येईनासा होतो, दवाखान्याचा मालक आपली फी खाली ठेवतो आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या नव्या पदवीधराचा पगार त्या फीपेक्षा वर जाऊ शकत नाही. सरकारी रुग्णालयांत पदे थोडी आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमांतून जी निर्माण झाली ती बहुतांश कंत्राटी, ठरीव मानधनाची आहेत.

संख्येच्या आक्षेपानंतरचा दुसरा आक्षेप हुद्द्याचा आहे. हा व्यवसाय निमवैद्यकीय गणला जातो, पदवी मोठी झाली, नावाआधी ‘डॉक्टर’ लागले की वेतन आपोआप वाढेल, असे मानणारे व्यवसायाच्या आतही पुष्कळ आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. त्या दोन दिवसांत जितकी शक्ती खर्च झाली, तितकी वेतनश्रेणीच्या प्रश्नावर कधी झालेली दिसत नाही. व्यावसायिक मानाचा आग्रह रास्त आहे. रुग्णाची तपासणी करून उपचार ठरवणारा माणूस कोणाचा मदतनीस नाही, आणि २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने या व्यवसायाला देशपातळीवर वैधानिक स्थान दिले आहे. पण मानातून वेतन निघत नाही. अमेरिकेत फिजिओथेरपीचे प्रवेशशिक्षण डॉक्टरेट पातळीवर गेले आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे कर्ज वाढले. तरीही मेडिकेअर ज्या गुणकाने फी ठरवते तो २०२० मध्ये ३६.०९ डॉलर होता आणि २०२५ मध्ये ३२.३५ डॉलरवर आला. पदवी वर गेली आणि दर खाली आला.

देशातही शिक्षणाची वर्षे आणि वेतन यांचा मेळ नाही. रेल्वे भरती मंडळाच्या २०२४ च्या निमवैद्यकीय पदांच्या जाहिरातीत पदवीधर फिजिओथेरपिस्टासाठी वेतनस्तर ६ होता, म्हणजे सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये. परिचारिका अधीक्षकांच्या पदासाठी स्तर ७, म्हणजे ४४,९०० रुपये, आणि त्या पदाला पदविकाधारकही पात्र होते. यात परिचारिकांना जास्त मिळते अशी तक्रार नाही, त्यांचे काम त्या मोलाचेच आहे. त्यांना ते मिळाले कारण प्रत्येक रुग्णालयाला खाटांमागे त्यांची पदे ठेवावी लागतात, त्या संख्येने मोठ्या आहेत आणि त्यांच्या संघटनांनी वेतन आयोगांपुढे आपली बाजू वर्षानुवर्षे लढवली. फिजिओथेरपिस्टांनी घेण्यासारखा धडा तिथे आहे.

मुली लग्नानंतर काम सोडतात म्हणून त्यांच्यावर खर्च कशाला, हा तिसरा आक्षेप उघडपणे क्वचितच मांडला जातो. मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतून मात्र तो कळतो. हा व्यवसाय स्त्रियांनीच उभा केला आहे. ब्रिटनमधली मूळ संस्था १८९४ मध्ये चार परिचारिकांनी काढली. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना चालते करणाऱ्या स्त्रियांनी १९२१ मध्ये अमेरिकेतली संघटना स्थापली आणि मेरी मॅकमिलन तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. आजही अमेरिकेत या व्यवसायात सुमारे दोनतृतीयांश स्त्रिया आहेत आणि ब्रिटनमध्ये त्यांचे प्रमाण त्याहूनही जास्त आहे. तरी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नवा फिजिओथेरपिस्ट ‘बँड ५’ मध्ये येतो आणि इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी त्या श्रेणीची सुरुवात ३१,०४९ पौंडांवर होती, मग तो पुरुष असो वा स्त्री, विवाहित असो वा नसो. श्रेणी छापील असली की मुलाखत घेणाऱ्याच्या अंदाजाला वाव राहत नाही.

महाराष्ट्रातल्या मुली काम सोडतात तेव्हा त्याची कारणे घराइतकीच कामाच्या जागीही असतात. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास असे तुटलेले कामाचे दिवस, होम व्हिजिटच्या प्रवासाचे न मिळणारे पैसे आणि दर अकरा महिन्यांनी नव्याने होणारे करार. प्रसूती रजेचा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि या व्यवसायातले बहुसंख्य दवाखाने त्याहून लहान आहेत. म्हणजे जिथे स्त्रिया सर्वाधिक काम करतात तिथेच सव्वीस आठवड्यांची रजा कायद्याने मिळत नाही. काम टिकवण्याची सोय नसताना काम टिकत नाही, याला स्वभावाचा दोष म्हणणे अन्याय आहे. इथल्याच महाविद्यालयांतून शिकलेल्या मराठी मुली परदेशातल्या नोंदणी परीक्षा देऊन तिथल्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे काम करतात, मुले वाढवतात आणि बढत्याही घेतात.

राहिला शेवटचा आक्षेप, पैशाचा: कायम पदे हा यावरचा उपाय असेल, तर सरकारने ती कोठून भरावीत? मैदानी भागात सुमारे १ लाख २० हजार लोकसंख्येमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात ८० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय असावे, असा निकष आहे. अशा प्रत्येक रुग्णालयात वेतनस्तर ६ चे एक कायम पद आणि व्यायामाची एक साधी खोली, एवढी ही मागणी आहे. तिला महागडे यंत्र लागत नाही, औषधांचा साठा लागत नाही. सरकारी योजनांतल्या शस्त्रक्रियेच्या प्रत्येक पॅकेजमध्ये घरी गेल्यानंतरच्या ठरावीक बैठका धरल्या, तर ज्या सांध्यावर योजनेने आधीच मोठा खर्च केलेला असतो तो सांधा वाकू लागतो. लहान दवाखान्यांतल्या प्रसूती रजेचा भार मालकाऐवजी कामगार विम्यासारख्या सामायिक निधीने उचलावा लागेल. २०२१ च्या कायद्याने व्यावसायिकांची केंद्रीय आणि राज्य नोंदवही ठेवणे आयोगाला आणि राज्य परिषदांना बंधनकारक केले आहे. त्या नोंदवहीत नाव आणि पदवीबरोबर कामाचा जिल्हा, नोकरीचा प्रकार आणि वेतनाचा गट यांचेही रकाने असले, तर कुठल्या तालुक्यात एकही फिजिओथेरपिस्ट नाही आणि कुठल्या शहरात ते कंत्राटावर अडकले आहेत, हे पदे मंजूर करणाऱ्यांसमोर आकड्यांत ठेवता येईल.