बंद्या रुपयाएवढी डोकेदुखी

"डोकें दुखतें" हें वाक्य आपल्या घरांत इतकें नित्याचें आहे कीं, तें ऐकून कोणी मानही वर करीत नाहीं. वाशीमसारख्या वऱ्हाडांतील गांवीं तर वैशाख-ज्येष्ठांत त्याचा उलगडा ठरलेलाच असतो: ऊन लागलें! कैरीचें पन्हें द्यावें, दुपारीं अंधाऱ्या खोलींत पडून राहावें; आणि बहुतेक वेळां तेवढ्यानें भागतेंही. परंतु घरांतील एखादी सून वा वडीलधारा गृहस्थ "सबंध डोकें नव्हे, एवढीच जागा दुखते" असें म्हणून बोटानें एक वाटोळी जागा नेमकी दाखवील, तर त्या बोलण्याकडे दुर्लक्ष करूं नये. एक विरळा विकार असें बोट दाखवूनच ओळखूं येतो.

डोकेदुखीचे प्रकार आपल्या वैद्यकानें फार पूर्वीं पाडले. सुश्रुतानें ११ शिरोरोग सांगितले. अर्धें डोकें व्यापणारा अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी, आणि सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्त हे त्यांपैकींच. प्रस्तुत विकाराची जागा याहूनही लहान. स्पेनमधील मज्जातंतुरोगतज्ज्ञ ह्वान पारेहा व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं १३ रोग्यांवरून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि नाणें या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास 'नम्युलर हेडेक' असें नांव दिलें. आपण त्यास नाणेशूळ म्हणूं.

दुखणारी जागा वाटोळी किंवा लंबवाटोळी, १ ते ६ सेंटिमीटर रुंदीची असते. जुना चांदीचा बंदा रुपया सुमारें ३ सेंटिमीटरांचा असे, त्यावरून अंदाज यावा. ती बहुधा कानाच्या वर, टाळूच्या एका अंगास असते. तिची कड स्पष्ट असते, आणि ती सरकत नाहीं कीं पसरत नाहीं. दुखणें बहुधा सौम्य वा मध्यम. कित्येकांस अखंड, कित्येकांस मधून मधून. आणि त्यावर एखादे वेळीं तीव्र कळ उठते. त्या जागीं बधिरपणा वा मुंग्या येतात, कधीं नुसती फणी लागली तरी दुखतें. क्वचित् तेथील केसही विरळ होतात.

दोष मेंदूंत नसून कवटीवरील त्वचेंत पसरलेल्या मज्जातंतूंच्या बारीक फांट्यांत असावा, असा तज्ज्ञांचा कल आहे. कांहीं रोग्यांस पूर्वीं डोक्याला मार लागलेला असतो. कांहींच्या बाबतींत मात्र त्याच जागेखालीं, त्वचेंत, कवटींत वा मेंदूच्या आवरणांत, गांठ आढळलेली आहे. म्हणून एकदां नीट तपासणी झाल्यावांचून "कांहीं नाहीं" असें कोणींही म्हणूं नये.

मोठ्या कुटुंबांत चूक होते ती येथेंच. ताप नाहीं, सूज नाहीं; मग पाहुण्यांच्या दिवशीं स्वयंपाकघरांतून उठून गेलेल्या सुनेचें दुखणें सोंग ठरतें. नाहींतर कोणी बिब्बा लावावयास सांगतें, कोणी डागावयास. बिब्ब्यानें कातडें भाजतें, आणि डॉक्टरांनीं पाहावयाची जागाच बिघडते. त्यापेक्षां घरच्यांनीं एक सोपें काम करावें. त्या जागेची रुंदी व कानापासूनचें अंतर फितीनें मोजून वहींत टिपावें. पंधरा दिवसांनीं, पहिलें टिपण न दाखवितां, पुन्हां मोजावें. मापें जुळलीं तर डॉक्टरांस त्यांचा फार उपयोग होईल. न जुळलीं तरी दुखणें खोटें ठरत नाहीं. तें निराळ्या प्रकारचें असेल, इतकेंच.

अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ सालीं खुद्द वाशिमासही तें सुरू झालें. डॉक्टर ती जागा पाहतील व डोक्याचें स्कॅन करवितील. पन्नाशीनंतर प्रथमच डोकें दुखूं लागलें, घांस चावतांना जबडा दुखला किंवा दृष्टि अंधुक झाली, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शंका येते. त्यांत दिरंगाई केल्यास डोळे गमावण्याचा धोका असतो. अकस्मात् उठलेली असह्य कळ, तापासह आंखडलेली मान, लुळा पडणारा हात किंवा पाय, यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

इतर कारण न सांपडल्यास सौम्य दुखण्यास साधी वेदनाशामक गोळी पुरते. परंतु महिन्यांतून पंधरा वा अधिक दिवस अशा गोळ्या घेण्याचा क्रम तीन महिन्यांवर गेला, तर त्यांच्यामुळेंच डोकें दुखूं लागतें. दुखणें टिकून राहिल्यास डॉक्टर गॅबापेंटिन किंवा अल्प मात्रेंत ॲमिट्रिप्टिलीन देतात. दुसरें औषध मूळचें मनाच्या खिन्नतेवरचें; तें कळतांच "वेडाचें औषध कशास?" असा प्रश्न घरांत निघतो. मज्जातंतूंची वेदनाही तें शमवितें, म्हणून तें दिलेलें असतें. दोहोंनीं गुंगी येऊं शकते, पण तीं आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नयेत. हट्टी दुखण्यांत बोट्युलिनम नांवाच्या द्रव्याच्या सुया त्या जागीं टोंचतात, व कित्येकांस गुण येतो.

हा विकार जिवावरचा नव्हे, आणि कित्येकदां आपोआपही थांबतो. तोंवर त्या जागीं जोरानें तेल चोळूं नये, अंबाडा घट्ट बांधूं नये. आणि बोट ठेवून दाखविलेलें दुखणें घरांतील सर्वांनीं खरें मानावें.