खालचं खरं, वरचं खोटं?

तसं रील तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. एक जुनं लष्करी हेल्मेट, त्यावर जाड हिरवा रंग. सॉल्व्हंटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा गोल गोल फिरतो, हिरवा चिखल ओघळतो आणि खालून जर्मन गरुड वर येतो. पंजात स्वस्तिक. कमेंट्समध्ये टाळ्या: 'अखेर खरा इतिहास बाहेर आला!'

माझं म्हणणं उलटं आहे. तिथे एक इतिहास पुसला गेला, आणि दोघांतला जास्त सभ्य तोच होता.

मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करली तेव्हा नॉर्वेत साडेतीन लाखांच्या आसपास जर्मन सैनिक होते. ते गेले, सामान मागे राहिलं. पाच वर्षं जर्मनांच्या ताब्यात काढलेल्या त्या देशाने ती हेल्मेटं फेकली नाहीत. त्यांवर स्वतःचा रंग चढवला आणि ती आपल्या सैनिकांना, नागरी संरक्षण दलाला दिली. खुद्द जर्मनीत युद्धानंतर कित्येक हेल्मेटांना भोकं पाडून स्वयंपाकघरातल्या चाळण्या केल्या गेल्या. पोलाद तेच, काम बदललं. वरचा रंग हा त्या बदलाचा पुरावा आहे. तो खरवडून आपण पुन्हा कोणाचं चिन्ह उजळवतोय?

बरं, 'मूळ' म्हणजे तरी नेमकं काय? तिरंगी ढाल लावणं १९४० मध्ये बंद झालं, गरुड १९४३ मध्ये. म्हणजे उशिराच्या हेल्मेटावर कितीही घासलं तरी गरुड सापडणार नाही. शिवाय सैनिकांनीही रंग बदलले: आफ्रिकेत वाळूचा, रशियाच्या हिवाळ्यात पांढरा. घाईने बोळा फिरवणाऱ्याला तो पांढरा थर 'नंतरची घाण' वाटतो. खरं तर त्या हेल्मेटाने पाहिलेला हिवाळा तेवढ्याच थरात उरलेला असतो.

समोरून उत्तर येईल, 'मग काहीच उतरवायचं नाही का?' तसं नाही. कोणी नाटकासाठी चंदेरी स्प्रे मारला असेल, किंवा रंगाखाली गंज वाढत असेल, तर जरूर उतरवा. पण ते काम रीलच्या मापाचं नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग सहज न दिसणाऱ्या जागी नखाएवढ्या तुकड्यावर चाचणी घ्या. सौम्य द्रावणापासून सुरुवात, बोळा सतत बदलायचा, मऊ झालेला रंग लाकडी काडीने उचलायचा, भिंगातून बघत. चिन्ह म्हणजे लाखेचा पातळ पापुद्रा; वरचा रंग विरघळवणारं द्रावण त्यालाही सोडत नाही. बोळ्यावर खालच्या थराचा रंग दिसला की थांबायचं. सँडपेपर, वायर ब्रश, सँडब्लास्टिंग यांचं नावही नको.

आणि स्वतःचा जीवही सांभाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं; कोरडं घासलं की त्याची धूळ छातीत जाते. मेथिलीन क्लोराइड असलेल्या पेंट रिमूव्हरने माणसं मेली आहेत. म्हणूनच अमेरिकेत २०१९ पासून ते सामान्य ग्राहकांना विकायला बंदी आहे.

हे सगळं पाळायला कित्येक दिवस लागतात, आणि रील तीस सेकंदांचं असतं. म्हणूनच मला राग त्या बोळ्याचा नाही, घाईचा आहे. सॉल्व्हंटने गेलेला रंग परत येत नाही. न उतरवलेला रंग मात्र उद्या जास्त जाणकार हाताची वाट बघू शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी असं रील समोर आलं, तर लाइक करण्याआधी कमेंटमध्ये एकच प्रश्न टाका: वरचा रंग कोणी लावला होता, आणि का? करणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, तर त्याने बोळा हातात घ्यायलाच नको होता.