गावी निघताना बॅटरीचं काय?

मे महिना आला की गोवंडीत शिवाजीनगर, बैंगनवाडीतल्या अनेक घरांना कुलपं लागतात. निघताना आपण मेन स्विच बंद करतो, पण इन्व्हर्टर चालूच राहतो. त्याला लाईट गेली असंच वाटतं आणि तो हळूहळू बॅटरी रिकामी करतो. अशा बॅटरीत शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट साचून कडक होतं. मग कितीही चार्ज केली तरी पहिला जोर येत नाही.

म्हणून निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. मग इन्व्हर्टर बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीच्या वायरी सोडवून घ्या. चार्जिंगनंतर काही तास थांबून मोजल्यास 12 व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण 12.6 ते 12.7 दाखवते.

पाण्याची बॅटरी असेल तर दर महिन्याला सहाही खाने पाहा. पाणी खुणेपर्यंतच भरा आणि तेही डिस्टिल्ड. नळाचं पाणी नको, वरून ॲसिडही नको.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. दहा बाय पंधराच्या खोलीत ती चुलीजवळ किंवा पलंगाखाली कोंडून ठेवू नका. खिडकीजवळ, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

जुनी बॅटरी घरात किंवा गल्लीत फोडू देऊ नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या. नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसेही वजा होतात.