कळ तीच, मान वेगळा

माझ्या दुखण्याला नाव आहे, म्हणून त्याला मान आहे. एमआरआयच्या कागदावर ‘एल-फाइव्ह एस-वन’ असं लिहून आलं आणि माझी सायटिका सिद्ध झाली. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, मी पुण्याहून महाडला आलो. पाठीला आधार देणारी खुर्ची आली. “सॉफ्टवेअरवाल्यांचा आजार,” असं शेजारी जवळजवळ कौतुकाने म्हणतात.

हे कौतुकच मला खुपतं. पोलादपूरजवळ माझी काकी राहते. आषाढात ती दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी करते. परवा तिला विचारलं, कळ कुठून कुठे जाते? तिने कुल्ल्यापासून पोटरीमागून तळपायापर्यंत बोट फिरवलं. माझ्या डॉक्टरांनी कागदावर काढलेली रेघ हीच. तिचं निदान मात्र घरात सगळ्यांनी न तपासताच केलंय : “कंबर धरली. वय झालं.” ती पन्नाशीचीही नाही.

सायटिका ही खुर्चीची मक्तेदारी नव्हे. बहुतेक वेळा मणक्यांमधली चकती सरकते, नसेच्या मुळावर दाब येतो आणि पायात कळ जाते. सारखं वाकणं, ओझं उचलणं, वाहनाचे हादरे यांनी धोका वाढतो. म्हणजे लावणी, डोक्यावरचा भारा आणि वर्षानुवर्षं काम रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर गाडी हाकणारे.

“विश्रांती घ्या,” हे सांगणंही सोपं. बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतं. पण त्यासाठी अंथरूण धरायचं नसतं. ओझं कमी करून झेपेल तेवढं हलत राहायचं असतं. हा मधला मार्ग मला कंपनीने दिला. काकीपुढे दोनच वाटा : शेत नाहीतर अंथरूण.

वर लोक म्हणतात, आपल्याकडच्या बाया चिवट. ही स्तुती नाही, उपचार टाळायची सोय आहे. लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं. आयुष्यभर “सोस” एवढंच ऐकलेली बाई हे कुणाला सांगेल?

प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कायमचा फिजिओथेरपिस्ट हवा, ही मागणी मी करणारच. पण त्याआधी आपल्या घरातली “वय झालं” ही चिठ्ठी फाडायला हवी. शनिवारी काकीला डॉक्टरांकडे नेतोय. लावणीचा एक दिवस बुडेल. बुडू दे.