बीगलला नाकाने जगू द्या

आमची बीगल कुत्री राणी पट्टा घातल्याबरोबर जिन्यातच नाक जमिनीला लावते. कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी तर ती जागची हलत नाही. शेपटीचं पांढरं टोक तेवढं ताठ उभं असतं. मी पट्टा ओढत नाही. इंग्लंडमध्ये सशाच्या मागावर कळपाने धावण्यासाठी ही जात घडवली गेली. वास काढणं हेच तिचं काम. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस बीगल हुडकून काढतात, ते याच नाकाच्या जोरावर.

असा जीव दिवसभर फ्लॅटमध्ये एकटा कोंडला, तर तो गळा काढून रडणारच. दोष त्याचा नसतो. मुलांच्या हट्टापायी पिल्लू आणण्याआधी मोठ्यांनी ठरवावं: सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? ताटातली पोळी टाकण्याचा मोह आवरणार कोण? बीगल खायला सहसा नाही म्हणत नाही, आणि वाढलेल्या वजनाचा भार सांध्यांवर येतो. लोंबत्या कानांत ओल साचते. ते नियमित बघावे, पुसावे लागतात.

ही बारा-पंधरा वर्षांची जबाबदारी आहे. ती निभावणाऱ्या घराला बीगल भरभरून माया देतं. वेळ नसेल, तर पिल्लू आणू नका.