पहिल्या वर्षाची फाइल
चित्रकलेच्या वर्गातली वर्षभराची फाइल काल पुन्हा चाळली. पेन्सिलीतले घन आणि शंकू, मग पितळी तांब्याचं वस्तुचित्र, संकल्पचित्राची नक्षी. सगळ्यांत जास्त शिकवलं ते तांब्याने. त्याची चकाकी रंगाने येत नाही. पारदर्शक जलरंगात तेवढा कागद कोराच राखावा लागतो आणि शेजारची छाया धीटपणे गडद करावी लागते. म्हणजे उजेड कुठे आहे, हे ब्रश भिजवण्याआधीच ठरवायचं! नक्षी मात्र मला अजूनही रुक्ष वाटते. महाराष्ट्रात एलिमेंटरी, इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या निमित्ताने हजारो मुलं हाच सराव करतात; परीक्षा संपली की ते कागद पुष्कळदा रद्दीत जातात. पालकांनो, मागे तारीख लिहून ते जपून ठेवा.