आपल्याच रंगाची शेड

माझ्या भाचीला बँकेत नोकरी लागली. रुजू व्हायच्या आधीच्या शनिवारी ती घरी आली आणि पर्समधून फाउंडेशनची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. ‘मावशी, रोज थोडंसंच काहीतरी लावायचंय. लावलंय हे कुणाला कळायला नको. पण हे लावलं की मी आजारी दिसते गं.’

बाटली तिच्या रंगापेक्षा चांगली दोन शेड उजळ होती. दुकानातल्या बाईंनी ‘तुला हीच खुलून दिसेल’ म्हणून दिलेली.

मला फार वाईट वाटलं, कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही अशीच बाटली घेतली होती. चुलतबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझी मान सावळी आहे आणि चेहरा राखेसारखा. ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’, ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस’ हे ऐकत वाढलेल्या मुलीपुढे कुणी उजळ शेड धरली, तर ती नको म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

चेहरा राखाडी का दिसतो, याचं कारण साधं आहे. फाउंडेशनचा रंग बहुतेक वेळा चार पुडींतून तयार होतो: पिवळं, तांबडं आणि काळं आयर्न ऑक्साइड, आणि पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड. शेड जितकी उजळ, तितकी पांढरी पूड जास्त. सावळ्या त्वचेवर ती वरच्यावर बसते आणि खालची तांबूस-पिवळी झाक मारून टाकते. अगदी थोडा लावला तरी मेकअप उठून दिसतो, तो या चुकलेल्या रंगामुळे.

बाटली बाजूला ठेवली आणि तिला आधी चेहरा धुवायला पाठवलं. मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन नीट लावलं तर त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडतात. नीट म्हणजे किती? चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन लांब रेघा. वाटाण्याएवढ्या थेंबात ते संरक्षण मिळत नाही. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीनही सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकं दिसू शकतं, तेव्हा तेही लावून बघूनच घ्यावं.

रोजच्यासाठी चेहराभर फाउंडेशन लागतच नाही, असं माझं ठाम मत आहे. डोळ्यांखाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि मुरुमाच्या डागावर कन्सीलरचा एकेक ठिपका द्यावा आणि अनामिकेनं थोपटावा. घासू नये, घासलं की लावलेलंच निघून येतं.

हे सांगताना मी तिला आजीची फणेरपेटी काढून दाखवली. झाकणाला आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. आजी कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायची, त्यावर कुंकू बसवायची, आणि नाकावर सांडलेलं पदरानं टिपून घ्यायची. ते कुंकू संध्याकाळपर्यंत हलत नसे. मुंबईच्या दमट हवेतही हीच रीत कामी येते. आधीचा थर पाच मिनिटं मुरू द्यायचा, मग रंग थोपटायचा, मग जास्तीचं टिपायचं. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. सकाळच्या लोकलच्या गर्दीतून उतरलं की चेहरा पुसू नये, टिशू नुसता दाबावा.

काजळ खालच्या पापणीच्या आत भरलं की दुपारपर्यंत डोळ्यांखाली उतरतं. त्यापेक्षा वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक रेघ ओढावी. डोळे भरदार दिसतात आणि रेघ कळत नाही. भुवया नुसत्या विंचरल्या तरी पुरे. लिपस्टिक विटकरी किंवा मातकट गुलाबी घ्यावी, कांडी ओठांवर फिरवण्याऐवजी बोटानं टेकवावी, आणि बोटावर उरलेली गालांवर पसरावी. सगळं मिळून दहा मिनिटं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी तिला दटावलंच. तिच्या मैत्रिणीनं ‘रंग उजळायला’ एक क्रीम दिलं होतं. डबीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना घटक. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणं आहेत आणि पाऱ्यामुळे मूत्रपिंडं बिघडतात. २०२० च्या आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांत प्रसाधनात पारा घालायला मनाई आहे. नकळत आलाच तर डोळ्यांची प्रसाधनं सोडून इतरांत दहा लाखांत एक भाग, एवढीच मर्यादा. लेबल नसलेल्या डबीत तो किती आहे, कोण तपासणार? ती डबी मी टाकायलाच लावली.

संध्याकाळी आम्ही दादरला गेलो. दुकानातले दिवे पिवळे, त्यांच्या उजेडात सगळ्याच शेड बऱ्या वाटतात. म्हणून मी कन्सीलरच्या तीन शेड मागितल्या आणि तिच्या जबड्याच्या कडेवर, गालापासून मानेपर्यंत, तीन उभ्या रेघा ओढल्या. मनगटावर रंग बघून उपयोग नाही, तिथला रंग चेहऱ्याचा नसतो. दहा मिनिटं थांबलो, कारण असले रंग त्वचेवर जरा गडद होतात. मग उन्हं कलायच्या आत तिला रस्त्यावर आणलं आणि हातात छोटा आरसा दिला.

ती मान वळवून बराच वेळ बघत राहिली. एक रेघ पांढुरकी होती, एक जरा केशरी.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘तिसरी कुठे गेली?’